आता तुमचे दान

सातारा, ८ जानेवारी २०२४

चि. दीपाली हीस,
थोरल्या काकांचे अनेक आशीर्वाद. जय जिनेंद्र.

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे : फुकट वाचायला दिलेल्या लेखाखाली पैसे मागणे हे वाचकापेक्षा लेखिकेलाच अधिक घातक आहे. मदनच्या प्रकृतीविषयी आणि तुझ्या कष्टांविषयी मला काय वाटते ते शेवटी येईल. आधी आणले, तर ते युक्तिवादात ढवळाढवळ करील.

पैसे मागण्याचा हा बेत तू फोनवर सांगू पाहत होतीस आणि मी पत्र लिही म्हणून फोन ठेवला, याचा तुला राग आला असेल. माझे कान आता अर्धेच वाक्य आत घेतात, आणि अर्ध्या वाक्याला उत्तर देण्याची सवय चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवूनही मला लागलेली नाही.

तुझी परिस्थिती मी अशी समजतो. अर्धांगाच्या झटक्याने मदनची, माझ्या धाकट्या भावाची, वाचा गेली, त्याला तेरा महिने झाले. ज्याने तीस वर्षे सांगलीच्या बाजारात बेदाण्याचे सौदे पुकारले, त्याच्या तोंडी ‘बोला’ हा एकच शब्द उरला आहे. पाणी हवे असले तरी ‘बोला’, पाठ दुखली तरी ‘बोला’. आई नाही, भावंड नाही, म्हणून तू शाळेतली नोकरी सोडून त्याच्यापाशी बसलीस. त्याला शब्द परत शिकवण्याची तुझी धडपड तू ‘बोला’ याच नावाच्या अनुदिनीत (तू तिला ब्लॉग म्हणतेस) रोज लिहितेस, आणि घरात असाच रुग्ण असलेली चार हजार माणसे ती वाचतात. त्यांनी प्रत्येक लेखाला चहाच्या किमतीएवढे काही दिले, तर मदनला उचलायला येणाऱ्या राणीचा पगार निघेल. तो निघाला नाही, तर मदनला मिरजेच्या शुश्रूषागृहात ठेवून तुला पुण्यात नोकरी धरावी लागेल. यात माझी काही गफलत झाली असल्यास कळव.

आता हेतू, म्हणजे माझ्या विधानामागचे कारण. पैसे देणारा वाचक मालक होतो आणि न देणारा अपराधी. मोकळेपणाने वाचणारा कोणीच उरत नाही. हे एक वेळ सोसता येईल. पण पुढचे पाहा. वाचक कशाला पाझरतो? दुःखाला. ज्या दिवशी मदनला उतार पडेल, त्या दिवशी पैसे कमी येतील. मग त्याचे बरे होणे तू आजच्याइतक्या सरळपणे लिहू शकशील काय? तू म्हणशील, होय. मी म्हणतो, परीक्षेला बसूच नये अशा काही परीक्षा असतात.

माझ्या निवृत्तिवेतनातून जे पाठवतो ते पाठवत राहीन. ते पुरत नाही हे मला कळते, आणि कळूनही मी हे पत्र लिहीत आहे, यावरून माझी खात्री किती आहे ते तू समजशील. मदनला माझा निरोप सांग, असे लिहिणार होतो. पण त्याला ते कळायचे नाही.

लोभ आहे. या पत्राने तो कमी झाला असे समजू नये.

तुझा,
भूपालआप्पा

माधवनगर, २ फेब्रुवारी २०२४

ती. स्व. आप्पांस,
दीपालीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा पुतणी म्हणून आणि एकदा तुमच्या वर्गातल्या पहिल्या बाकावरची विद्यार्थिनी म्हणून. दोन्ही वेळा निरुत्तर झाले, आणि मग तुम्ही नको म्हणालात तेच केलं. रागावू नका. घरमालक, औषधवाला आणि राणी या तिघांपैकी एकजणही युक्तिवादावर महिना काढायला तयार नाही.

आता प्रत्येक लेखाखाली एक ओळ असते आणि तिच्याखाली क्यूआर कोड. पहिले दोन दिवस काही आलं नाही. मी दर दहा मिनिटांनी फोन बघायचे आणि मग स्वतःचीच लाज वाटून तो पिठाच्या डब्यावर पालथा घालायचे. तिसऱ्या दिवशी जतकडच्या बिराप्पा नावाच्या मेंढपाळाचे पाच रुपये आले. सोबत निरोप होता. त्याची आई दीड वर्ष गप्प होती. रुग्णाच्या हातात त्याच्या रोजच्या कामातली वस्तू द्या, असं मी लिहिलं होतं. ते वाचून त्याने तिच्या मुठीत लोकर दिली आणि ती कानडीत ‘उण्णे’ म्हणाली. उण्णे म्हणजे लोकर. पाचच रुपये का, तर त्या दिवशी खात्यात तेवढेच होते, असंही त्याने कळवलंय. आप्पा, हा मालक की अपराधी, ते तुम्हीच ठरवा.

त्यानंतर दहा-वीस, दहा-वीस असे येत गेले. या महिन्याचा राणीचा पगार त्यातून दिला. ती सकाळ-संध्याकाळ येते, बाबांना एका झटक्यात उचलून खुर्चीत बसवते, आणि त्यांनी ‘बोला’ म्हटलं की, काय बोलू मालक, तुमीच बोला, म्हणून त्यांनाच दटावते. ते हसतात. डाव्या बाजूनेच, पण हसतात.

तुमच्या एका मुद्द्याला मात्र उत्तर मिळालं. उतार पडला की पैसे आटतील, असं तुम्ही लिहिलं होतं. झालं उलटंच. सगळ्यात जास्त पैसे आले ते बाबांना दुसरा शब्द सापडल्याचं मी लिहिलं, त्या दिवशी. तो शब्द कोणता ते वाचकांना अजून सांगितलेलं नाही. त्याची गोष्ट पुढे सावकाश लिहायचीय. पण तो मी लेखाखालच्या ओळीत घातलाय. तुम्ही बघताक्षणी ओळखाल. तुम्ही नाही ओळखलात तर मग कुणीच नाही.

एकदा याच. इतक्या महिन्यांत एकदाच आलात, आणि तेव्हाही बाबांकडे पाठ येईल अशी खुर्ची ठेवून माझ्याशीच बोलत बसलात. मी चिडवत नाहीये. बरं, थोडंसं चिडवतेय.

लोभ मोजूनमापून पाठवता, तसाच पाठवत राहा. आम्ही पुरवून खाऊ.

तुमची,
दीपाली

माधवनगर, ६ मार्च २०२४

ती. स्व. आप्पांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र घाईत लिहितेय. मला तुमची मदत हवी आहे, आणि ती पैशांची नाही.

वीस दिवसांपूर्वी ब्लॉगवर एका वाचकाने प्रतिक्रिया टाकली. नाव दिलंय ‘प्रतिपक्षी’. ती अक्षर न बदलता उतरवून देते :

‘लेखिका म्हणते, माझे दान झाले, आता तुमचे. लेख हे दान असेल, तर त्याची परतफेड मागता येत नाही. परतफेड मागितली, तर ते दान नव्हे, विक्री होय. आणि विक्री असेल, तर किंमत आधी सांगावयास हवी होती. तस्मात हे वाक्य स्वतःलाच खोडून काढते. अशा वाक्याला भुलून पैसे देणे हे दातृत्व नव्हे. भाषेच्या ढिलाईला दिलेले ते उत्तेजन होय.’

एवढंच. एक शिवी नाही, एक वावगा शब्द नाही. म्हणूनच ते लोकांना पटलं. कुणीतरी त्याचा फोटो काढून रुग्णांच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरवला. मग एकाने विचारलं की ही बाई मुक्या बापाला दाखवून कमाई करते काय. दुसऱ्याने विचारलं की बाप खरंच आहे का. ज्या बायका रोज आपल्या नवऱ्याची विचारपूस केल्यासारखी बाबांची चौकशी करायच्या, त्या गप्प झाल्या. गेल्या नऊ दिवसांत एक रुपया आलेला नाही. राणीला मी परवा नको म्हणून सांगितलं. ती फुकट येते म्हणाली. तिच्या घरी तीन लेकरं आहेत, मी येऊ दिलं नाही.

बाबांचे आता पाच शब्द झालेत. तिसरा ‘ऊन’, चौथा ‘नको’, पाचवा आत्याचं नाव, ‘गुणी’. पाचवा आला त्या दिवशी मी रडत रडत लेख लिहिला. खाली कुणीतरी विचारलं, याचे किती.

आप्पा, त्या प्रतिपक्षीला तुम्ही उत्तर द्या. माझ्याच्याने होत नाही. मी त्या शब्दाचा खुलासा करायला गेले तर ती पळवाट वाटेल. दोनदा लिहून खोडलं. ते वाक्य कुठून आलं ते तुम्हाला तर ठाऊकच आहे. तुमच्यासारख्याने दोन ओळी लिहिल्या तर लोक मानतील. वर्षानुवर्षं तुम्ही मुलांना खोटे युक्तिवाद पकडायला शिकवलंत. हा एक माझ्यासाठी पकडा.

मिरजेच्या लोकांनी एक एप्रिलपासूनची खाट धरून ठेवू का म्हणून विचारलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही.

तुमच्या उत्तराची वाट बघतेय. पोस्टमन गल्लीत शिरला की बाबांच्याही आधी मी खिडकीकडे बघते.

तुमची,
दीपाली

सातारा, ११ मार्च २०२४

चि. दीपाली हीस, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. तू विचारलेस म्हणून उत्तर देतो, ते तुला आवडणार नाही.

उद्धृत प्रतिक्रिया मी तपासली. तिच्या रचनेत दोष नाही. पहिल्या विधानातून दुसरे निघते, दुसऱ्यातून तिसरे. वाक्य कुठून आले हे मला ठाऊक आहे असे तू म्हणतेस. त्याचा रोख माझ्या लक्षात आला नाही. पण तो प्रश्नही गौण आहे. वाक्य कुठूनही आलेले असो, ते मांडल्यावर स्वतःच्या पायांवर उभे राहिले पाहिजे.

लोकांनी नंतर जे लिहिले ते हीन आहे. त्याची जबाबदारी ज्याने त्याने घ्यावी. मूळ युक्तिवादावर ती टाकता येत नाही. माझा सल्ला एवढाच की ती ओळ काढून टाक, ‘दान’ हा शब्द वगळ, आणि लेखांची सरळ किंमत लाव. प्रतिपक्षीला उत्तर देण्यासारखे माझ्यापाशी काही नाही.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहीत आहे. आधीचे दोन खर्डे लांबले होते.

लोभाविषयी निराळे लिहीत नाही. तो गृहीत धरावा.

भूपालआप्पा

तासगाव, २३ मार्च २०२४

ती. दादास,
गुणीचा नमस्कार.

पत्र लिवायची सवय न्हाई, चुका निघतील. लाल शाईनं खुणा करून परत पाठवू नगा, लग्नाच्या आधी पाठवत हुता तशा. शेडवर बेदाणा निवडायच्या बाया बसल्यात, त्यांच्याकडं पाठ करून लिवतेय, म्हंजे माझं तोंड त्यांना दिसायचं न्हाई.

मदन पडला. सोमवारी दीपाली औषध आणायला कोपऱ्यावर गेली हुती. राणी न्हाई, शेजारीण देवळात. ह्यो एकटाच उठाय गेला. कपाळाला सात टाके पडले. हाड मोडलं न्हाई हे नशीब. पण दादा, तवापासनं त्यो बोलतच न्हाई. पाच शब्द आलते, पाची गेले. ‘बोला’ सुदिक गेलं. मी तीन दिवस उशाला बसले, गुणी म्हण, गुणी म्हण, करून लय हाका मारल्या. नुसता छताकडं बघतोय.

दीपालीनं मिरजेला हो म्हणून कळवलंय. एक तारखेला त्याला न्यायचं. पुण्यातली नोकरी धरली तिनं. ब्लॉग एकतीसला बंद करणार. पोरगी रडत न्हाई, हेच मला बरं वाटत न्हाई.

आता तुमचं. त्यो प्रतिपक्षी तुमी हाय. न्हाई म्हणू नगा. मी शेडवर बसून फोनवर वाचलं आणि ‘तस्मात’ दिसलं. आपल्या सगळ्या मगदुमांच्यात जेवताना, भांडताना आणि मयताच्या घरीबी ‘तस्मात’ म्हणणारा माणूस एकच. दीपालीला मी सांगितलेलं न्हाई. ती म्हणती, आप्पांना वाक्य उमगलं नसंल, त्यांचंबी वय झालं. आवं, तुमाला न्हाई उमगलं?

संक्रांतीला मी त्यांच्याकडं गेले तवा आईच्या कवड्या घेऊन गेलते. हातात वस्तू द्यायची, असं पोरीनंच लिवलं हुतं की. सारीपाटाचा पट अंथरला, मदनच्या डाव्या हातात कवड्या दिल्या. त्यानं टाकल्या. मनगट वळवून, तुमच्यासारख्याच. मग माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाला, दान. म्हंजे माझं दान पडलं, आता तुझं. झटका आल्यापासनं ‘बोला’ सोडून पहिला शब्द. आमी दोघी येड्यासारख्या रडलो. त्यातनं पोरीनं ती ओळ काढली. मी माझं टाकलं, आता तुमचं टाका. दानधर्माचं त्यात काय हाय?

त्याला कवड्या टाकायला कुणी शिकवलं? तुमीच. सहा वर्षांचा हुता. तुमी हराय लागला की कवडी उताणी पडली का पालथी म्हणून तासभर वाद घालायचा. तुमचं तर्कशास्त्र तिथनंच निघालं आणि साताऱ्यात जाऊन पगार घ्यायला लागलं.

लय बोलले. मोठ्या भावाला असं बोलू नये. पण दुसरं कोण बोलणार? एकजण हुता, त्याचं तोंड मिटलंय.

माया असंल तर या. नसंल तरी या.

तुमची,
गुणमाला

सातारा, २७ मार्च २०२४

चि. दीपाली हीस,
अनेक आशीर्वाद.

‘प्रतिपक्षी’ हे नाव घेऊन तुझ्या अनुदिनीवर लिहिणारा मनुष्य मी आहे. पुढचे सारे या वाक्याच्या उजेडात वाच. वाचणे जमले नाही तर इथेच थांब.

मी ते वैराने लिहिले नाही. तू माझे न ऐकता पैसे मागितलेस, आणि ज्या ओळीने मागितलेस तीत मला विसंगती दिसली. ती तुला पत्राने कळवता आली असती. पण तू निरुत्तर झाले म्हणून लिहिलेस आणि तरी तेच केलेस, तेव्हा चार लोकांत सिद्ध करून दाखवावे, असे वाटले. नाव लपवले, कारण काका म्हणून बोललो तर युक्तिवादाचे वजन नात्यामुळे बदलेल, असे मी स्वतःला पटवले. तू त्याच माणसाकडे त्याच माणसाविरुद्ध दाद मागितलीस, तेव्हाही मी गप्प राहिलो आणि तुला शब्द वगळण्याचा सल्ला दिला.

न्यायशास्त्रात ‘वाक्छल’ म्हणून एक दोष सांगितला आहे. बोलणाऱ्याने शब्द एका अर्थाने वापरावा, आणि खोडणाऱ्याने दुसरा अर्थ धरून त्याला खोडावे. विद्यार्थ्यांना मी तो पहिल्याच महिन्यात शिकवत असे आणि हा दोष अडाण्यांचा नव्हे, हुशारांचा, असे बजावत असे. दान म्हणजे कवड्यांचे दान, हा अर्थ मला माहीत नव्हता असे मी म्हणू शकत नाही. तो गुणीने पत्र लिहून माझ्यापुढे ठेवला.

त्यानंतर माझ्या प्रतिक्रियेखाली लोकांनी लिहिलेली उत्तरे प्रथमच वाचली. बहुतेकांनी मला शाबासकी दिली आहे. बिराप्पाने मात्र विचारले आहे की पाच रुपये पाठवले यात आपली चूक झाली काय, आणि झाली असेल तर ती कशी निस्तरावी. पाच आठवडे त्याला कोणी उत्तर दिलेले नाही. मी आज दिले. त्याच्याखाली माझी प्रतिक्रिया मागे घेतल्याचे, त्या शब्दाची हकीकत सांगणारे निवेदन माझे पूर्ण नाव, पत्ता आणि तुझ्याशी असलेले नाते यांसह प्रसिद्ध केले आहे. ज्या गटांवर माझ्या वाक्यांचे चित्र फिरले त्यांपैकी तीन गटांवर ते पोचवले. बाकीचे कोठे आहेत ते मला ठाऊक नाही. माझी पहिली प्रतिक्रिया जितक्या वेगाने पसरली तितक्या वेगाने हे निवेदन पसरणार नाही. हे लिहीपर्यंत त्याला एकच उत्तर आले आहे, आणि त्यात उशीर झाला एवढेच म्हटले आहे.

शुक्रवारी सकाळच्या एसटीने मी माधवनगरला येतो. शहात्तराव्या वर्षी मदनला उचलणे माझ्याने होणार नाही. त्याच्याजवळ बसता येईल. राणीला परत बोलाव. तिच्या पगाराकरिता मी येथली खोली सोडत आहे, पुस्तके ग्रंथालयाला दिली, आणि भाड्याचे जे वाचेल ते तिला द्यावे. मिरज रद्द कर असे सांगण्याचा अधिकार मी गमावला आहे. महिनाभर पुढे ढकल, अशी विनंती करतो. त्या महिन्यात त्याचा एकही शब्द परत येणार नाही, हेही शक्य आहे. ते मी पाहीन. या वेळी खुर्ची त्याच्याकडे तोंड करून ठेवीन.

मला क्षमा कर असे लिहीत नाही. ते लिहिले की उत्तर द्यायची जबाबदारी तुझ्यावर येते.

आता जे लिहितो ते अनुदिनीवर छापावेस, अशी इच्छा आहे.

मी, भूपाल बाळगोंडा मगदूम, तर्कशास्त्राचा निवृत्त अध्यापक, लिहून देतो की माझ्या हातून एक चूक झाली. शब्दाचा चुकीचा अर्थ धरला ती नव्हे. नाव लपवले तीही नव्हे. त्या दोन्ही तिच्या पोटातून निघाल्या. २ फेब्रुवारीच्या पत्रात माझ्या पुतणीने मला कळवले होते की तिच्या वडिलांना दुसरा शब्द सापडला आहे. तो कोणता, हे मी विचारले नाही. ज्याची वाचा गेली त्याला काही म्हणायचे असू शकते, असे मी धरलेच नव्हते. आणि तो माझा भाऊ होता.

(सही)
भूपाल बाळगोंडा मगदूम
सातारा